दुखणे पुढे, औषध मागे
ओढण्याचे आणि वळण्याचे, दोन्ही काम पुढच्याच चाकांवर असलेली गाडी वेगात वळणाबाहेर सरकू पाहते. वर इंजिनाचा भारही तिथेच. भाच्याने कॉइलओव्हर बसवून, आट्यांवरची चकती फिरवत, गाडी पार जमिनीलगत आणली. देखणेपणासाठीच, असा माझा संशय. पण फार खाली घेतली की पुढचे आर्म वर झुकतात आणि गाडी वळणात उलट जास्तच कलते. मिस्त्रींनी पुढची उंची थोडी परत दिली आणि कडक स्प्रिंगा बसवल्या त्या मागे. मग वळणात बाहेरच्या अंगाला सरकणाऱ्या भाराचा मोठा वाटा मागची चाके सोसतात, पुढच्यांची पकड शाबूत राहते. ओल्या घाटात मात्र हाच कडकपणा मागची चाके निसटवू शकतो. "पावसाळ्यात मागचे डँपिंग दोन क्लिक सैल ठेवा," असे त्यांनी बजावले. भाचा रोज घाटातून जातो. जूनमध्ये मी आठवण करणार आहे.