आच घरी, वाफ वाटेवर

लॉजच्या खोलीत फोडणी करायची नाही, हा माझा पहिला नियम. बाकीचे नियम त्यातूनच निघाले. तेल धुरावलं की हिंग-मोहरीचा वास पडद्यांत आणि गादीत जाऊन बसतो. माझ्यानंतर त्या खोलीत उतरणाऱ्याने तो का सोसावा? उघडी ज्योत तर बंद खोलीत नकोच नको. 26 ऑगस्ट 2023 च्या पहाटे मदुराईच्या रेल्वे यार्डात उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि 9 माणसं गेली. लखनौहून निघालेली मंडळी होती ती, आणि चहासाठी गॅस पेटवला होता. प्रवासात स्वतःच्या हातचं खावंसं वाटणं मला मनापासून कळतं. म्हणूनच ती बातमी वाचून मी फार वेळ अस्वस्थ होते.

पण फोडणी नाही म्हटलं की मराठी बाईचा हात अडतो. वरण, भाजी, पोहे, उपमा, कशाचीही सुरुवात तिथूनच. खोलीत स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, आणि मला तो वारासिवनीत सुटला.

माझा धंदा तांदळाचा. नागपुरात सासऱ्यांनी सुरू केलेलं धान्याचं दुकान आता मी बघते. दिवाळी उलटून थंडी पडली की चिन्नोर बघायला मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात जाते आणि मुक्काम वारासिवनीला करते. हे गाव आम्हा नागपूरकरांना परकं वाटत नाही. 1956 पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूरच होती. पूर्वी सातपुड्याची छोटी गाडी गोंदियाहून इकडे यायची. आता मोठ्या रुळावरची गाडी बालाघाटहून कटंगीकडे जाताना इथे थांबते. बाजारात एकाच वाक्यात पोवारी, मराठी आणि हिंदी ऐकू येते. कोष्ट्यांच्या घरांतून अजून माग चालतात. आणि आजूबाजूला जिकडे बघावं तिकडे धानाच्या बांध्या आणि तळी.

चिन्नोर हा इथला बारीक, सुवासिक तांदूळ. बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेतकऱ्याला त्याचा मान मिळाला याचा मला आनंद आहे, पण नावाला किंमत आली की त्या नावाखाली दुसरा तांदूळही पोत्यात शिरतो. कच्चा दाणा हातावर घेऊन, फुंकर मारून, नाकाशी धरून बरंच कळतं, पण सगळं कळत नाही. शिजवूनच बघावा लागतो. मिलमध्ये शिजवून दाखवतात, पण तिथे भांडं त्यांचं, पाणी त्यांचं, आणि वाढताना तूपही त्यांचं. तूप पडलं की माझी परीक्षा संपलीच. म्हणून दिवसभरात गोळा केलेले नमुने पुड्यांत बांधून खोलीवर आणते आणि रात्री एकेक करून लावते.

शिवाय दिवसभर दहा माणसांशी भावावरून बोलून झालं की रात्री मला एकटीने, गप्प बसून जेवायचं असतं. खानावळीतल्या जेवणाबद्दल माझी तक्रार नाही. तिथे शांतता मिळत नाही, एवढंच.

माझं सामान थोडं. एक लिटरचा, 400 वॉटचा विजेचा राइस कुकर, दोन स्टीलच्या वाट्या, मोजायला एक छोटं माप, चमचा, सुरी आणि काथ्या. वारासिवनीत पहिल्यांदा कुकर लावायच्या आधी मी लॉजवाल्यांना विचारलं होतं. तसं सगळीकडेच विचारते, आणि नाही म्हणाले तर नाही. कुकर खोलीतल्या कुठल्याही प्लगला चालतो. पण दीड हजार वॉटची किटली साध्या 6 अँपिअरच्या प्लगला लावू नये. ती साडेसहा अँपिअर ओढते, प्लग गरम होतो, आणि जुन्या वायरिंगचं काय होईल सांगता येत नाही. तिच्यासाठी एसी किंवा गीझरचा मोठा प्लग लागतो. लहान गावांत संध्याकाळी व्होल्टेज उतरतं तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. 230 चं 180 झालं तर वाटतं, थोडंसंच तर कमी झालं. पण उष्णता वर्गाच्या हिशेबाने घटते, आणि 400 वॉटचा कुकर 245 वॉटचा होऊन बसतो. भात शिजायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो. अशा वेळी घाई करून झाकण उघडलं की आहे तीही वाफ जाते.

या कुकरबद्दल मला मनापासून आदर आहे. जपानमध्ये तोशिबाने 1955 मध्ये पहिला आपोआप बंद होणारा कुकर बाजारात आणला. त्यात बाहेरच्या भांड्यातलं पाणी आटलं की तापमान चढायचं आणि दोन धातूंची पट्टी वाकून वीज तोडायची. माझ्या कुकरमध्ये तळाशी लोहचुंबक आहे. भांड्यात पाणी आहे तोवर तळ शंभर अंशांपुढे फारसा जात नाही. पाणी भातात मुरलं की तळ तापतो, चुंबकाची पकड सुटते आणि खटका वर उडतो. म्हणजे हा कुकर वेळ मोजत नाही, पाणी संपल्याचं ओळखतो. माझी सासू भाताच्या पातेल्याला कान लावून हेच ओळखायची.

नमुना शिजवताना मी सगळं सारखं ठेवते. तांदूळ 100 ग्रॅम, दोनदाच धुवायचा, चोळायचा नाही, वीस मिनिटं भिजवायचा. पाणी सगळ्या नमुन्यांना एकाच कॅनमधलं, कारण बोअरच्या जड पाण्यात दाणा वेगळा शिजतो. यंदाच्या नव्या तांदळाला दीडपट पाणी पुरतं, जुना दुपटीच्या जवळ मागतो. मिलवाल्याने जुना म्हणून दिलेला तांदूळ दीडपट पाण्यात मऊ झाला तर तो जुना नाही, इतकं मला खोलीत बसून कळतं. खटका उडाल्यावर दहा मिनिटं तसाच ठेवायचा. मग झाकण उघडायचं आणि पहिल्या वाफेशी नाक न्यायचं. सुवासिक तांदळाचा वास ज्या द्रव्यामुळे येतो, ते चटकन उडून जाणारं असतं. पहिल्या वाफेत ते सगळ्यात जास्त असतं. वरून वास लावलेला तांदूळ इथेच उघडा पडतो. भिजवलेल्या पाण्याला वास भरपूर, भाताला काहीच नाही.

परीक्षेपुरता भात झाला. पण जेवायला वरण हवं, आणि वरणाला फोडणी हवी. तुरीची डाळ या कुकरमध्ये तासभर ठेवली तरी दाणा दाताखाली येतो. वाफेला दाब नसला की तूर ऐकत नाही. मुगाची डाळ सकाळी भिजत घातली तर शिजते, पण आम्हा विदर्भातल्या माणसांना वरण म्हणजे तूरच.

उपाय जुनाच निघाला. पूर्वीच्या धर्मशाळांत चूल असायची, शिधा मिळायचा, ते थांबून रांधणाऱ्यांसाठी. पण चालत्या वाटेवरच्या माणसाची शिदोरी बघितली तर तिच्यात विस्तव लागणारं काही नसे. सातूचं पीठ घ्या. गहू आणि हरभऱ्याची डाळ घरी भाजून दळलेली. वाटेत पाणी आणि गूळ मिळाला की झालं. मेतकूट घ्या. डाळी-तांदूळ घरी भाजलेले, मसाला आतच. दुधात मळलेल्या दशम्या, तिळाची चटणी, तळलेली सांडगी मिरची, सगळ्यांचं तेच. जाळावरचं जे काम, ते निघण्याआधी घरी उरकलेलं, आणि वाटेवर ठेवलेलं ते फक्त पाण्याचं. हा विचार किती शहाणा आहे, ते मला स्वतः कुकर घेऊन बसल्यावर उमगलं. खोलीतल्या स्वयंपाकाची खरी तयारी खोलीत होतच नाही.

आता निघायच्या आदल्या दिवशी मी नागपूरच्या घरी तासभर शेगडीपाशी असते. तुरीची डाळ मंद आचेवर तांबूस होईतो भाजून, गार करून दळून घेते. हे पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग उकळत्या पाण्यात सोडायचं. पाच-सात मिनिटांत वरण, आणि भाजल्याचा खमंगपणा त्यात आधीच मुरलेला. रवा हिंग, जिरं, मोहरी, मिरची, कढीलिंबासकट परतून घेते. कढीलिंबाचं पान कुरकुरीत व्हायलाच हवं, नाहीतर ओल राहते आणि रवा टिकत नाही. आणि एका घट्ट झाकणाच्या डबीत फोडणीच नेते. तेल कडकडीत तापवून मोहरी, हिंग, जिरं, गॅस बंद करून हळद, आणि थोडं निवल्यावर तिखट. तिखट आधी घातलं तर जळतं आणि डबी कडवट होते. लसूण घालायची असेल तर फोडणी दोन दिवसांतच संपवायची, जास्त मुक्कामाला घालत नाही.

गार फोडणी गरम वरणावर पडली की आवाज येत नाही. तो चुर्रकन होणारा आवाज मला अजून हवासा वाटतो. पण चव येते, आणि मला तर वाटतं जरा वेगळी येते. मोहरी तेलात रात्रभर बसल्यामुळे नरम झालेली असते आणि हिंग सगळीकडे सारखा लागतो.

जवसाचं कच्चं तेल हीही आपल्याकडची मोठी सोय. या भागात धान कापायच्या आधी बांधीतल्या ओलीवरच जवस आणि लाखोळी टाकतात. त्या जवसाचं घाण्याचं तेल आणि जवसाची चटणी गरम भातावर घेतली की फोडणीची आठवण येत नाही. मात्र हे तेल लवकर खवट होतं. लहान बाटली घ्यावी आणि उन्हात ठेवू नये.

भाजीसाठी बाजारातच जावं. थंडीत इथे हरभऱ्याचा कोवळा पाला मिळतो. तो निवडून, तांदळाच्या मूठभर कण्यांबरोबर कुकरमध्ये ठेवला की कण्या पाल्याचं पाणी पिऊन घेतात. वरून मीठ, हिरवी मिरची आणि जवसाचं तेल. भाजीवाल्या बाईंनी एकदा पाल्यावर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी ठेवत विचारलं, ‘घरी कोणी नाही का जी, एवढीशीच घेता?’ लॉजवर शिजवते म्हटल्यावर त्यांनी जुडीचे पैसे घेतले नाहीत. तळ्यांचा मुलूख असल्यामुळे शिंगाडेही येतात. हिरवे शिंगाडे मिठाच्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकडले की रात्रीची भूक भागते. पण ते भाताच्या नमुन्यांनंतर करावेत. साल पाण्याला काळपट रंग देते, आणि नंतरचा भात गढूळ दिसतो.

एका मुक्कामात तीन नमुने होते. पहिला लावला, झाकण उघडलं, आणि दारावर टकटक झाली. लॉजचे रात्रपाळीचे भाऊ होते. मला वाटलं वासाबद्दल काही म्हणणार. ते म्हणाले, ‘ताई, चिन्नोर लावला का जी? पायरीवर आला वास.’ घरची शेती जवळच्याच गावात, धानाचीच. मी तिन्ही नमुने त्यांना चाखायला द्यायचं ठरवलं. ते दारातच खुर्ची घेऊन बसले. आत आले नाहीत. दुसरा शिजला तेव्हा त्यांनी दोन शितं बोटांत दाबली, तोंडात टाकली आणि मान हलवली. ‘हा नाही जी. वास आहे, पण हाताले धरत नाही.’ मग त्यांनी सांगितलं की आईच्या हयातीत चिन्नोर घरी सणालेच शिजे. रोपं उंच वाढून लोळतात, दिवस जास्त लागतात, उतारा कमी, म्हणून एका बांधीपुरताच लावत. इतक्या वर्षांत कोणत्याच व्यापाऱ्याने मला ‘हाताला धरणं’ ही कसोटी दिली नव्हती. नाक सगळेच वापरतात. पण दाबल्यावर शितं एकमेकांना किंचित बिलगतात आणि तरी लगदा होत नाही, हे बोटांनाच कळतं, आणि तूप घातलेल्या भातात तर कधीच कळणार नाही.

आवरणंही स्वयंपाकाचाच भाग. बेसिनमध्ये शितं जाऊ देत नाही; आधी कागदात गोळा करून मग भांडं घासते. सालं, देठं पिशवीत बांधून सकाळी स्वतः बाहेरच्या कचरापेटीत टाकते. खिडकी उघडी ठेवून झोपते. खोली सोडताना तिथे कोणी रांधलं होतं हे कळू नये, ही माझी अट. दुसऱ्या वेळी त्याच लॉजमध्ये मला हक्काने विचारता आलं पाहिजे.

शेवटची परीक्षा सकाळी. प्रत्येक नमुन्यातला थोडा भात वाटीत झाकून खिडकीपाशी ठेवते. हे मी कडाक्याच्या थंडीतच करते. उकाड्यात शिजलेल्या भातात जंतू भराभर वाढतात, आणि तो खाऊ नये. गार झाल्यावर काही तांदूळ खड्यासारखे ताठ होतात, चांगला चिन्नोर मऊ राहतो. आमच्या गिऱ्हाइकांत शाळेच्या डब्यात भात देणाऱ्या आया पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी दुपारचा गार भात हीच खरी कसोटी आहे, आणि ती मिलमध्ये कोणी लावत नाही.

त्या सकाळी पहिली वाटी मऊ होती, तिसरी जराशी ताठ. पहिलीत दही कालवलं, डबीतली उरलेली फोडणी वर घातली आणि उभ्या उभ्याच खाल्लं. मग मिलवाल्याला फोन करून पहिल्या नमुन्याच्या पोत्यांचा भाव विचारला. तो आणखी दोन गोण्यांतले नमुने पाठवतो म्हणाला, म्हणून कुकर विसळून पुन्हा लावायला घेतला.