ज्या खात्यातून कोणी लॉगिन करत नाही

सनओएस ४ ही युनिक्स प्रणाली चालणाऱ्या यंत्रावर सी२ दर्जाची सुरक्षा बसवली, की पासवर्ड फाईलमध्ये ‘एयू’ अक्षरांनी सुरू होणारी दोन खाती लागतात: एयू-पीडब्ल्यूडीऑथडी आणि एयू-वायपीपासवर्डडी. ती कोणा माणसाची नसतात. ती डीमनची, म्हणजे पार्श्वभूमीत चालत राहणाऱ्या प्रोग्रामची, असतात: पहिले पासवर्ड पडताळणाऱ्या डीमनचे, दुसरे नेटवर्कवरून पासवर्ड बदलून देणाऱ्या डीमनचे.

सी२ हा दर्जा अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या १९८३ च्या ‘ऑरेंज बुक’मधला. त्याच्या दोन अटी इथे महत्त्वाच्या: प्रत्येक कृतीमागचा वापरकर्ता ओळखता यावा आणि पासवर्डचा तपशील इतरांच्या हाती लागू नये. युनिक्सची जुनी पासवर्ड फाईल मात्र सगळ्यांना वाचता येई. फायलींची यादी दाखवणाऱ्या साध्या ‘एलएस’लाही वापरकर्त्याच्या क्रमांकावरून नाव काढायला तीच लागते. म्हणून सांकेतिक पासवर्ड ‘पासवर्ड-अ‍ॅडजंक्ट’ या फक्त रूटला वाचता येणाऱ्या फाईलमध्ये गेले. सामान्य प्रोग्रामला मग पडताळणीसाठी डीमनलाच विचारावे लागते.

साहजिकच पासवर्डचे अंदाज बांधणाराही त्याच दारात येतो, तेव्हा नोंद व्हायला हवी ती तिथे. पण कशाची नोंद ठेवायची हे अ‍ॅडजंक्ट फाईल प्रत्येक खात्यापुढच्या शेवटच्या दोन रकान्यांत सांगते: नेहमी नोंदवायचे ते एकात, कधीच नोंदवायचे नाही ते दुसऱ्यात. डीमन कोणाच्या लॉगिनमधून सुरू होत नाही, त्यामुळे त्याला असे रकाने मिळायचे तर त्याच्या नावाचे खातेच हवे. युनिक्समध्ये खाते म्हणजे माणूस, ही समजूत इथे सोडावी लागते. ते जबाबदारीचे एकक आहे.

या खात्यांच्या पासवर्डच्या जागी तारकाचिन्ह (*) असते. पासवर्ड सांकेतिक करणाऱ्या ‘क्रिप्ट’च्या १३ अक्षरी उत्तरात ते चिन्ह येऊच शकत नाही, म्हणून कोणताही पासवर्ड तिथे जुळत नाही. न वापरलेली खाती काढून टाकणे ही चांगली सवय, पण तिच्या भरात ही दोन काढू नयेत. त्यांचा उपयोग लॉगिनच्या यादीत कधीच दिसत नाही.

नोंदवहीलाही पासवर्ड फाईलइतकेच जपावे. घाईत नावाच्या जागी पासवर्ड टाइप करणारे लोक असतातच आणि फसलेल्या लॉगिनच्या नोंदीत तो जसाच्या तसा उतरू शकतो.

लिनक्सने पुढे वेगळा मार्ग घेतला. तिथे लॉगिन करताना मिळालेला ऑडिट क्रमांक प्रक्रियेला चिकटून राहतो, सुडो केले तरी. यंत्र सुरू होताना उठलेल्या डीमनपाशी तो नसतो. नोंदीत त्या जागी ४२९४९६७२९५, म्हणजे ‘ठरलेला नाही’, असे येते.