नरनाळ्यावरचा राजा

पुण्याच्या शनिवारवाड्यात १७७३ साली उठलेली किंकाळी आम्हां वऱ्हाडातल्या पोरांनाही तोंडपाठ असते. पण अकोटच्या उशाशी, सातपुड्याच्या माथ्यावर, तिच्याही दोनशे वर्षे आधी एक अल्पवयी राजा कोंडला गेला होता, हे अकोटच्याच पोराला विचारावे तर ते तोंडाकडे पाहत राहील. त्या बिचाऱ्याचा दोष नाही. नरनाळ्यावरच्या राजाने किंकाळी फोडल्याचे कोणी लिहून ठेवलेले नाही, आणि जो ओरडला नाही त्याच्यावर नाटककाराची दृष्टी सहसा जात नाही.

त्याचे नाव बुऱ्हाण इमादशहा. बहमनी राज्य मोडत असता १४९० साली फतहुल्ला इमादुल्मुल्काने वऱ्हाडात स्वतंत्र गादी मांडली. हा मूळचा विजयनगरकडचा ब्राह्मणाचा मुलगा. लढाईत पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला आणि कर्तबगारीने सुभेदारीपर्यंत चढला. एलिचपूर, म्हणजे आपले आजचे अचलपूर, ही त्याची राजधानी. गाविलगड आणि नरनाळा हे राज्याचे दोन भुज. आज त्यांतला एक अमरावती जिल्ह्यात आहे, दुसरा अकोल्यात. या घराण्यातला दर्या इमादशहा १५६२ साली वारला तेव्हा बुऱ्हाण लहान होता. कारभार तुफालखान नावाच्या सरदाराकडे आला. पुढे काही वर्षांत राजा नरनाळ्याच्या कैदेत गेला आणि तुफालखान वऱ्हाडचा धनी झाला.

या तुफालखानावर कादंबरी लिहावी म्हणून मी काही वर्षे झटतो आहे. फार्सी मला येत नाही. मॅट्रिकच्या इंग्रजीच्या जोरावर फेरिश्त्याचे भाषांतर कोश उशाशी घेऊन वाचले. (फेरिश्ता हा अहमदनगरच्या दरबारी नोकरीस होता, म्हणजे तुफालखानाच्या शत्रूचा माणूस, हे वाचताना विसरून चालत नाही.) चार वह्या भरल्या. अडले ते एकाच ठिकाणी. कारभार याचा, खजिना याचा, फौज याची. मग उरले होते काय? गादीवर बसलेले एक मूल. त्याला बसू दिले असते तर तुफालखानाचा घास कमी होत नव्हता. कादंबरीकाराला अशा वेळी एक रात्र हवी असते : वारा सुटलेला, दिवा फडफडतो आहे, आणि खान येरझारा घालता घालता थांबून पापाचा निश्चय करतो आहे. ती रात्र मी तीनदा लिहिली आणि तीनदा फाडली.

अशी रात्र नसावीच, असे मला आता वाटते, त्याला कारण पुस्तकातले नाही. आमच्या तालुक्यात एक शिक्षणसंस्था आहे. नाव सांगत नाही. तिचे संस्थापक वारले तेव्हा मुलगा शाळेत होता. त्यांच्या विश्वासातल्या गृहस्थांनी भर सभेत डोळे पुसून सांगितले, "पोरगा हाताशी येईस्तोवर मी फक्त राखण करतो." ते खोटे बोलत होते असे मला त्या दिवशी वाटले नाही, आजही वाटत नाही. पहिली दोन वर्षे प्रत्येक कागदावर ते "अध्यक्षांकरिता" असे लिहून खाली सही करीत. मग एका वर्षी नव्या शिक्क्यातून "करिता" गेले. शिक्का करणाऱ्याकडून राहिले म्हणावे, तर पुढच्या शिक्क्यातही ते आले नाही. कोणी विचारले नाही. तो मुलगा आज एका अडत्याकडे दिवाणजी आहे. रस्त्यात भेटला की मला अजून वाकून नमस्कार करतो. त्याच्या नमस्काराने मला तुफालखान जेवढा समजला तेवढा फेरिश्त्याने समजला नाही.

पण हे "करिता" गाळण्याची किंमत तुफालखानाला फार पडली. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाला वऱ्हाड हवाच होता, आणि निमित्त आयते मिळाले : कैदेतल्या राजाला सोडवायचे. नात्यानेही ते शोभत होते, कारण बुऱ्हाणची बहीण मुर्तजाच्या बापाला दिलेली, म्हणजे कैदी हा त्याचा सावत्र मामा. १५७२ साली निजामशाही फौज वऱ्हाडात शिरली. तुफालखान नरनाळ्यावर चढला, त्याचा मुलगा शमशेरुल्मुल्क गाविलगडावर. खानाने अकबराकडे दाद मागितली. अकबर त्या काळात गुजरातच्या स्वारीत गुंतलेला. १५७४ त नरनाळा पडला, तो तोफांइतकाच आतल्या शिबंदीला चारलेल्या पैशाने.

आणि मुक्ती झाली ती अशी : तुफालखान, त्याचा मुलगा आणि ज्याच्यासाठी हे सारे केले तो बुऱ्हाण, सगळ्यांना मिळून निजामशाहीतल्या एका किल्ल्यावर नेऊन कोंडले. तिथेच ते सगळे संपले. मी ही ओळ प्रथम वाचली तेव्हा कोशात पुन्हा पाहिले, शब्द चुकला की काय म्हणून.

मुर्तजाला हा विजय मिळवून दिला त्याचा वजीर चंगीझखान याने. जिंकलेला मुलूख सावरायला मला मागे ठेवा, असे तो भोळेपणाने बोलला, आणि हा वऱ्हाडचा नवा तुफालखान होणार, हे एका मर्जीतल्या माणसाने मुर्तजाच्या कानात आधीच ओतून ठेवले होते. धन्याने हकिमाहाती विष पाठवले. वजिराने ते जाणून घेतले. पुढची यादी झटपट उरकतो. मुर्तजाला १५८८ त पोटच्या मुलाने मारले, त्या मुलाला वर्षभरात त्याच्याच सरदारांनी, आणि १५९६ त वऱ्हाड मोगलांच्या पदरात गेला.

गेल्या हिवाळ्यात सातवीची मुले घेऊन नरनाळ्यावर गेलो. आता वर जायला वनखात्याची परवानगी लागते. शहानूरवरून चढून महाकाली दरवाजाशी टेकलो. त्यावर १४८७ सालचा लेख आहे आणि दगडात कमळे उमललेली आहेत. तिथे मी ही सगळी हकीकत सांगितली, खानाचा आवाज काढून, हातवारे करून. मुलांना खान आवडला, तोफाही आवडल्या. मागे बसलेल्या एकाने हात वर केला.

"गुरुजी, त्या राजाले वर खेळाले कोनी व्हतं का?"

चार वह्यांत या पोराच्या प्रश्नाला एक ओळ नव्हती. मी म्हटले, वर शक्कर तलाव आहे, पाहून या. पोरे दप्तरे टाकून पळाली. तो मात्र थोडा मागे रेंगाळला, दरवाजाच्या बाजूच्या अंधाऱ्या कोठडीत वाकून पाहिले, आणि मग इतरांच्या मागे धावला.