पाय टाउनचे दप्तर

अमेरिकेतील कृष्णधवल लोकजीवनचित्रणाचा विषय निघाला की डोरोथिया लँग यांनी 1936 मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे टिपलेली ती चिंताक्रांत माता बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभी राहते, आणि तिची ती योग्यता निःसंशय आहे. परंतु डार्करूमच्या तांबड्या दिव्याखाली आयुष्याचा मोठा काळ घालवलेल्या माझ्यासारख्याचे मन लँग यांच्याच सरकारी खात्यातील छायाचित्रकार रसेल ली यांच्याकडे अधिक ओढ घेते. मंदीने आणि धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांची हकिगत शहरवासीयांपुढे मांडावी, या हेतूने रॉय स्ट्रायकर यांनी वॉशिंग्टनमध्ये जे छायाचित्रांचे दप्तर उभारले, त्यासाठी ली 1940 मध्ये न्यू मेक्सिकोतील पाय टाउन या वस्तीत गेले. टेक्सास व ओक्लाहोमा सोडून आलेली तेथील काही कुटुंबे अर्ध्याअधिक जमिनीत खणलेल्या घरांत राहत.

अशा घरात उजेड तो किती असणार! मूळचे रसायन अभियंता असलेल्या ली यांनी तेथे एकदाच पेटून निकामी होणारे फ्लॅशचे बल्ब वापरले. या प्रकाशाला आम्ही छायाचित्रकार सपाट म्हणून नाके मुरडतो, कारण खिडकीतून तिरपा येणारा उजेड चेहऱ्याला जी गूढता देतो ती त्यात नसते. पण त्या गूढतेच्या मोहापायी मागची भिंत अंधारात बुडते, हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो. ली यांच्या चित्रांत भिंत बुडत नाही. हिवाळ्याच्या बेगमीसाठी भरून फळ्यांवर मांडलेल्या काचेच्या बरण्या गृहिणीच्या मुद्रेइतक्याच स्पष्ट दिसतात, आणि जे तिने श्रमाने जमवले त्याला चित्रात जागा देणे हा तिचाच सन्मान होय, असे मी मानतो. अशा निगेटिव्हची प्रिंट काढणे मात्र कसोटीचे काम आहे: फ्लॅशजवळची वस्तू अतिशय उजळते, दूरची झपाट्याने मंदावते, म्हणून सौम्य प्रतीचा कागद घेऊन पुढचा भाग हाताने अधिक प्रकाश देत गडद करावा लागतो, तेव्हाच काच, लाकूड आणि माती यांना आपापली करडी छटा लाभते.

जत्रेतील भोजनापूर्वीची प्रार्थना, रात्रीचे नृत्य, हाताने शिवलेली गोधडी, असे कितीतरी प्रसंग त्या मालिकेत आहेत आणि प्रत्येकाखाली स्थळकाळाचा शेरा आहे. त्या दप्तराच्या सुमारे 1,75,000 कृष्णधवल निगेटिव्ह आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये असून त्या कोणालाही विनामूल्य पाहता येतात. वाचकांना माझी विनंती एवढीच, की पाय टाउनचे एखादेच गाजलेले चित्र पाहून थांबू नये. सारी मालिका शेऱ्यांसह, क्रमाने पाहावी.