हंबनटोट्याचें बंदर

सिंहलद्वीपाच्या दक्षिण किनाऱ्यावर हंबनटोटा हें गांव आहे. मिठागरें व मासेमारी हीं तेथील उपजीविकेचीं जुनीं साधनें. आम्ही तेथें गेलों तें नवें बंदर पाहावें म्हणून. पूर्वपश्चिम व्यापाराचा मोठा जलमार्ग जवळूनच जातो. तेव्हां बंदराची कल्पना अगदींच वेडगळ नव्हती. चिनी बँकेच्या कर्जानें तें बांधून २०१० सालीं खुलें झालें. परंतु आरंभींचीं वर्षें बहुतेक जहाजें कोलंबोसच जात राहिलीं. अखेर २०१७ सालीं, परकीय चलनाच्या टंचाईमुळें, सुमारें ११२ कोटी डॉलर घेऊन सरकारनें बंदराचा सत्तर टक्के हिस्सा ९९ वर्षांच्या करारानें चिनी कंपनीस दिला. मूळ कर्ज मात्र माथीं राहिलेंच! ऑगस्ट २०२२ मध्यें उपग्रहांचा मागोवा घेणारी चिनी नौका येथें लागली, तेव्हां दिल्लीस चिंता पडली.

पुढें आम्ही उत्तरेस जाफन्यास गेलों. युद्धांत उद्ध्वस्त झालेला तेथील लोहमार्ग भारताच्या कर्जानें २०१४ सालीं पुन्हां सुरू झाला. त्यांत भारताचा स्वार्थ मुळींच नाहीं, असें कोण म्हणेल? परंतु त्या गाडींत ठाण्याठाण्यावर चढणारीं माणसें आम्हीं पाहिलीं. वाचकहो, धनको आपलें हित पाहणारच. आपली गरज आधीं मोजून घेणें हें ऋणकोचेंच काम.