चांद्याहून शनिवारवाडा

सिंधुदुर्गाचा निरोप घेऊन आम्ही सात जणांनी मालवणहून सायकली हाकल्या, त्याला सात दिवस होत आले होते. जयगड, दाभोळ आणि बाणकोट या तिन्ही खाड्या फेरीबोटीने ओलांडल्या, माणगावला कोकण सोडले आणि ताम्हिणीच्या घाटाला भिडलो. घाटाने आमची चांगलीच परीक्षा घेतली. आम्ही घाम गाळीत वर चढत होतो आणि मुळशी धरणाचे पाणी मात्र डोंगराच्या पोटातून भिऱ्याला उतरून टाटांची वीज करीत होते! याच धरणासाठी जमिनी गेलेल्या मावळ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता. हे सारे तात्यांनी तळ्याच्या काठी बसून सांगितले. सांगताना स्वारी एक हात गुडघ्यावरून फिरवीत होती, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आले नाही.

ध्यानात आले ते चांद्याला. पिरंगुटजवळच्या घोटावडे फाट्यावरून पुण्याचा हमरस्ता सोडून आम्ही चांदे-नांद्याची वाट धरली होती. मुळशीतल्या लोकांच्या तोंडी ही दोन्ही नावे एका दमात येतात, जुळ्या भावंडांसारखी. एका बाजूला कापणीला आलेले भात आणि पलीकडे हिंजवडीच्या काचेच्या इमारती. पुणे अजून वीसएक किलोमीटर होते, पण शहराने आपले हात इथवर लांब केले होते. पेशव्यांच्या पुण्यात शिरायला निघालो होतो आणि पहिली भेट संगणकवाल्या पुण्याची! मला ते थोडे खटकलेच.

चहाच्या टपरीशी थांबलो, तर तात्यांना पाय जमिनीवर टेकवेना. गुडघा नारळाएवढा सुजला होता. वय वर्षे सहासष्ट.

"दुधाचा टेंपो पुण्याला चाललाय. तात्या, तुम्ही सायकलीसकट बसा," आमच्यातला एक तरुण म्हणाला. त्याच्या बोलण्यात काळजी होती, तशीच घाईही होती. दहा वाजता शनिवारवाड्यापुढे घरची मंडळी हार घेऊन उभी राहणार होती.

टपरीवरच्या म्हातारीने आम्हांला न्याहाळले. "मालवणास्नं सायकलीवर? का वं, यष्टी बंद हाय का?"

सगळे हसले. तात्या हसले नाहीत.

"तीस वर्षं मी कसब्यातून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलीनं गेलो," ते म्हणाले. "तेव्हा भोंगा झाला की रस्त्यावर सायकलींचा पूर यायचा. त्या पुरातला एक जण टेंपोतून घरी येणार? बसा तुम्ही हवं तर."

आता काय बोलणार? वाद झाला, थोडा कडूही झाला. शेवटी ठरले ते असे : तात्या पुढे, बाकीचे मागे, तात्यांना मागे टाकायचे नाही. त्यांनी एका पायाने पायडल मारायचे, चढ आला की उतरून चालायचे. म्हातारीने गुडघ्याला हळद-तेल लावून फडके बांधले. पैसे देऊ केले तर म्हणाली, "च्याचं तेवढं द्या."

नांदे गेले, म्हाळुंगे गेले. बाणेरपासून मोटारींनी आम्हांला कडेला दाबायला सुरुवात केली. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात सात सायकली म्हणजे रहदारीला अडथळा! विद्यापीठाच्या चौकात एका मोटारवाल्याने इतक्या जोराने भोंगा वाजवला, की तात्यांनी वळून त्याला हात केला. कारखाना सुटला असे वाटले असावे.

मुठा ओलांडून वाड्यापुढे आलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. हार कोमेजले होते, मुले कंटाळून चिक्की खात होती. १७३२ साली बाजीरावाने पुरा केलेला हा वाडा १८२८ च्या आगीत आतून जळून गेला. उरले ते तट, जोती आणि हा दिल्ली दरवाजा. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून ठोकलेले त्याचे अणकुचीदार खिळे तात्या मान वर करून बराच वेळ पाहत राहिले. गळ्यात हार पडला तरी त्यांचे लक्ष नव्हते.

मग सायकल वळवीत म्हणाले, "कसबा इथून हाकेवर आहे. चला, मिसळ माझ्याकडे. मात्र जिना कुणीतरी धरून चढवा."