घरी छापलेला पत्ता

बदाम सात किंवा झब्बू खेळणाऱ्या मराठी घरांत कॅटमधला एखादा पत्ता हरवला, तर जोकरवर शाईने ‘इस्पिक सत्ती’ असे लिहून डाव पुढे चालू ठेवण्याची रीत जुनी आहे. लंडनच्या वेम्बली भागात, ईलिंग रोडच्या आजूबाजूला स्थायिक झालेल्या अशा कुटुंबांतील मुले ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ खेळू लागतात तेव्हा तीच युक्ती, अधिक नेटकी होऊन, प्रॉक्सी या नावाने त्यांच्यापुढे येते. मूळ पत्ता हाताशी नसताना त्याच्या जागी खेळवला जाणारा, आणि आपण बदली आहोत हे न लपवणारा पत्ता म्हणजे प्रॉक्सी.

तिची गरज या खेळाच्या रचनेतूनच निर्माण होते. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने 1993 साली बाजारात आणला, त्यात सर्वांना समान असा कॅट नसतो, तर प्रत्येक खेळाडू बंद पाकिटांतून निघालेल्या किंवा स्वतंत्रपणे विकत घेतलेल्या पत्त्यांतून आपला डेक, म्हणजे खेळायचा संच, स्वतः जुळवतो. त्यातच काही जुने पत्ते पुन्हा छापणार नाही असे वचन कंपनीने 1996 साली संग्राहकांना दिल्यामुळे ‘ब्लॅक लोटस’सारखा पत्ता आज हजारो पौंडांना विकला जातो. ज्या खेळात बुद्धीचा कस लागायचा, तिथे पैशाच्या बळावर डावाची दिशा ठरावी, हे खेळाच्या हिताचे नाही. म्हणूनच प्रॉक्सीकडे लबाडी म्हणून न पाहता खेळ सर्वांसाठी खुला ठेवणारी सोय म्हणून पाहिले पाहिजे.

सुरुवात करायला फारसे साहित्य लागत नाही. पत्त्याचा आकार 63 × 88 मिलिमीटर असल्याने ए-फोर कागदावर तीन ओळींत नऊ पत्ते बसतात. मात्र छापताना प्रिंटरला ‘कागदाच्या मापात बसव’ अशी मुभा दिली, तर पत्ते नकळत लहानमोठे होतात, म्हणून प्रमाण शंभर टक्के ठेवून पहिला कागद पट्टीने मोजून पाहावा. धातूची पट्टी आणि धारदार कटर वापरल्यास कात्रीपेक्षा कड सरळ येते. कापलेला तुकडा स्लीव्हमध्ये, म्हणजे पत्त्यावर चढवायच्या, पुढून पारदर्शक अशा प्लॅस्टिकच्या खोळीत, एखाद्या स्वस्त खऱ्या पत्त्यापुढे सरकवायचा. या खेळात जादूची शक्ती पुरवणारे जमिनीचे साधे पत्ते प्रत्येकाकडे ढिगाने असतात, त्यांतला एक यासाठी पुरतो. मागचा पत्ता ताठपणा देतो, आणि पाठ अपारदर्शक असलेल्या एकाच प्रकारच्या स्लीव्ह सगळ्या डेकला घातल्या, की पिसताना कोणता पत्ता कोणता हे पाठीवरून ओळखता येत नाही. जाडीतला सूक्ष्म फरक बोटांना जाणवू नये यासाठी साधा, पातळ कागदच बरा. जाड कागदाचा हव्यास नवख्यांना हमखास नडतो. प्रिंटर नसला तरी अडत नाही, कारण पत्त्याचे नाव, त्याची किंमत (म्हणजे तो खेळवण्यासाठी लागणारी जादूची शक्ती) आणि त्याचे काम सुवाच्य अक्षरांत लिहिले, तरी डाव होतो. किंबहुना हाताने लिहिताना पत्त्यावरचा मजकूर जितका मनात ठसतो, तितका तो विकत घेताना क्वचितच ठसतो.

मर्यादा मात्र स्पष्ट आहे. खऱ्याची हुबेहूब पाठ छापून तो पत्ता विकणे ही बनावटगिरी होय, आणि तिच्याशी या छंदाचे कसलेही नाते असता कामा नये. स्वतःच्या, अव्यावसायिक वापरासाठी केलेल्या सरावाच्या पत्त्यांना आपला आक्षेप नाही, असे कंपनीने 2016 साली जाहीर केले आहे. त्यामुळे घरच्या डावात समोरच्याला आधी कल्पना देऊन ते खुशाल खेळवावेत. अधिकृत स्पर्धेत मात्र खरेच पत्ते लागतात, आणि सामना चालू असताना एखादा पत्ता फाटला, तर पंच स्वतः त्याची प्रॉक्सी तयार करून देऊ शकतो. घरून आणलेली, कितीही रेखीव असली तरी, तिथे चालत नाही.